सिंहावलोकनी प्रदर्शन : जिल्ह्याच्या गावी पहिल्यांदा मांडताना

एखाद्या चित्रकाराची तीस-चाळीस वर्षांची कामं एकत्र आणून लावायची असं मनात आलं की बहुतेक मंडळी आधी हॉलची तारीख घेऊन टाकतात. घोळ तिथूनच सुरू होतो. हॉल पंधरा दिवसांत मिळतो, पण कामांची यादी पुरी व्हायला चार-सहा महिने जातात. यादी नसताना तारीख जवळ आली की घरात हाताशी असतं तेच भिंतीवर चढतं, म्हणजे गेल्या दोन वर्षांतली न विकली गेलेली चित्रं. ते विक्रीचं प्रदर्शन झालं.

लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव अशा ठिकाणी महाविद्यालयाचं सभागृह, ग्रंथालयाचा वरचा मजला किंवा नगरपालिकेचा हॉल घेऊन हे काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. वातानुकूलित दालन नाही, तयार दिवे नाहीत आणि माणसं चार-पाचच, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी ठरवा : सिंहावलोकन की आढावा

सिंह चालता चालता थांबतो आणि मान वळवून मागची सगळी वाट पाहतो, म्हणून सिंहावलोकन. एका कलावंताच्या सुरुवातीच्या रेखाटनांपासून आजच्या कामापर्यंत सगळे टप्पे त्यात यायला हवेत. आढाव्याला एवढा पल्ला लागत नाही. एकाच कलावंताची मधली पंधरा वर्षं, एकच माध्यम किंवा एका भागातल्या दहा-बारा समकालीन कलावंतांची प्रत्येकी तीन-चार कामं, यांपैकी काहीही चालतं. पहिल्याच खेपेला आढावा घेतलेला सोयीचा. फक्त तो कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणत्या मुद्द्याचा, हे एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. निवडीच्या वेळी भांडणं झाली की तेच वाक्य कामाला येतं.

मोठ्या संग्रहालयांत हे कसं होतं ते पाहून ठेवावं. वासुदेव गायतोंडे यांचं सिंहावलोकन न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये झालं. जगभरच्या तीसेक संग्रहांतून गोळा केलेली कामं होती अवघी पंचेचाळीसच्या आसपास. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांचं आणि त्याच वर्षाअखेरीस सुधीर पटवर्धन यांचं सिंहावलोकन झालं. पटवर्धनांचं प्रदर्शन सत्तरच्या दशकातल्या कामांपासून सुरू होत होतं. गुगनहाइमसारख्या मोठ्या जागेत पन्नासाच्या आत कामं पुरतात, मग आपल्या हॉलला शंभर चित्रं कशाला लागतील?

वही

एक जाड, बांधणीची वही घ्या. संगणकावर तक्ता करालच, पण चित्रांच्या घरी जाताना हातात वहीच हवी. प्रत्येक कामाला एक क्रमांक द्या, ००१ पासून. तो पुढे कधीही बदलायचा नाही, काम निवडीतून गळालं तरी नाही. रकाने असे : क्रमांक, शीर्षक, वर्ष, माध्यम, कशावर केलं आहे (कॅनव्हास, हार्डबोर्ड, हातकागद), उंची, रुंदी, सही कुठे आणि कशी, फ्रेम आहे का, सध्या कोणाकडे, त्यांचा फोन, आणि शेवटी एक रुंद रकाना ‘अवस्था’ या नावाचा.

माप घेताना उंची आधी आणि रुंदी नंतर. हा नियम साधा आहे, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ३६ × २४ ला कोणी २४ × ३६ लिहिलं की भिंतीच्या आराखड्यात उभं चित्र आडवं होतं आणि टांगायच्या दिवशी शेजारची तीन चित्रं सरकवावी लागतात. माप फ्रेमसकट आणि फ्रेमशिवाय अशी दोन्ही लिहा. भिंतीसाठी पहिलं लागतं, पाटीसाठी दुसरं.

मराठवाड्यातले बरेच चित्रकार शाळांमध्ये कलाशिक्षक म्हणून नोकरी करून गेले आहेत. त्यांची जुनी कामं दालनांत सापडत नाहीत. ती असतात घरातल्या सज्जावर, पलंगाखाली, गावाकडच्या माळवदाच्या घरात, जुन्या सहकाऱ्याच्या बैठकीत, बँकेतल्या एखाद्या केबिनमध्ये, लग्नात भेट दिलेल्या विद्यार्थ्याकडे. चित्रकाराला ‘तुमची चित्रं कुठे आहेत’ असं विचारलं तर आठ-दहा नावं निघतात. ‘सर, कोणत्या गावी किती वर्षं होतात, तिथे कोणाकडे जाणं-येणं होतं’ असं बदलीच्या क्रमाने विचारत गेलात तर तीस निघतात. लोक फोटो पाठवतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून लहान झालेले असतात. त्यांना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, आणि चित्राच्या पुढचा, पाठीचा आणि सहीचा असे तीन मागा.

वर्षांच्या बाबतीत चित्रकाराच्या आठवणीवर पूर्ण विसंबू नका. पाठीमागे फ्रेमवाल्याचा स्टिकर, जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी, चिकटवलेलं वर्तमानपत्र पाहा. वर्तमानपत्राच्या तारखेवरून ती फ्रेम त्याआधीची नाही एवढंच ठरतं, चित्र त्याहून जुनं असू शकतं. खात्री नसेल तर ‘सुमारे १९८४’ लिहा. ठोकून दिलेलं वर्ष पुढे दुसऱ्यांच्या लेखांत जातं आणि मग कोणी दुरुस्त करत नाही.

क्रमांक चित्राच्या पाठीवर लिहायचा तो लाकडी चौकटीवर, मऊ पेन्सिलने. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर दाबाची रेघ पुढून उमटते आणि शाई झिरपते.

भिंतीचं गणित आणि निवड

हॉल पाहायला जाताना टेप, चॉक आणि एक स्वच्छ कागद न्या. समजा हॉल ४० × २५ फूट आहे. घेर झाला १३० फूट. त्यातून चार-चार फुटी दोन दारं, पाच-पाच फुटी चार खिडक्या, शिवाय स्विचबोर्ड आणि फळा यांचे सात फूट वजा केले की उरतात ९५. चित्राची सरासरी रुंदी तीन फूट आणि मधली जागा दीड फूट धरली तर एका चित्राला साडेचार फूट लागतात, म्हणजे भिंतींवर साधारण २१ कामं. याहून जास्त हवी असतील तर मध्ये उभे पॅनेल लागतील. बारा मिलिमीटर प्लायच्या ८ × ४ च्या दोन शीट शेजारी जोडून, मागे दोन-दोन इंची लाकडाची चौकट ठोकून ८ × ८ चं एक पॅनेल होतं. अशी सहा, दोन्ही बाजू वापरून, आणखी पंधरा-अठरा कामं घेतात. दोन पॅनेलमध्ये निदान पाच फुटांची वाट सोडा. चाकाची खुर्चीही जायला हवी, आणि मोठं चित्र तोंडाला लावून कोणाला दिसत नाही.

मंडपवाल्याकडचे कापडी पॅनेल स्वस्त पडतात, पण पंखा लागला की हलतात. शाळेच्या चित्रकला स्पर्धेला ते ठीक. दुसऱ्याकडून आणलेलं चित्र त्यावर टांगू नये.

आता निवड. सगळ्या कामांचे छोटे छापील फोटो काढा, अर्ध्या इंचाला एक फूट या मापात. तीन फुटांचं चित्र दीड इंचाचं होईल. त्याच मापात जाड पुठ्ठ्याचा हॉल करा, २० × १२.५ इंचांचा. टेबलावर मावतो. भिंतींवर फोटो लावून, काढून, सरकवून पाहत बसा. हे काम आठवडाभर चालू द्या. खरी निवड इथेच होते. कागदावरच्या यादीत बरोबरीची वाटणारी दोन चित्रं शेजारी लावली की एक दुसऱ्याला खातं, आणि ते फोटोतही दिसतं.

कालक्रमाने लावायचं की विषयवार? नवख्यांनी कालक्रम घ्यावा. चूक झाली तरी पाहणाऱ्याला वाट सापडते. विषयवार मांडणीत प्रत्येक गट का केला हे भिंतीवर सांगावं लागतं, आणि तसं चांगलं लिहिणारं माणूस प्रत्येक गावात मिळत नाही. कालक्रम म्हणजे प्रत्येक वर्षाला सारखी जागा असा अर्थ मात्र नाही. चित्रकाराचा हात ज्या चार वर्षांत बदलला तिथे दहा कामं लावा, मधली संथ दहा वर्षं दोन कामांत उरका. कच्ची रेखाटनं, वह्या, फसलेला एखादा प्रयत्न काचपेटीत ठेवा. विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ तिथेच उभे राहतात.

कलावंत हयात असेल तर एक अवघड गोष्ट सुरुवातीलाच लिहून घ्या : शेवटची निवड कोणाची. बहुतेकांना शेवटच्या पाच वर्षांचं काम सर्वांत प्रिय असतं आणि सुरुवातीचं लपवावंसं वाटतं. त्यांचं ऐकावं, एखादं काम ‘हे नको’ म्हणाले तर वगळावंही. पण यादी दर आठवड्याला बदलत राहिली तर पाट्या, विमा, वाहतूक सगळंच कोसळतं. उद्घाटनाच्या साठ दिवस आधी यादी गोठवा.

उसनी कामं : करार, विमा, हक्क

ज्यांच्याकडून चित्र आणायचं त्यांच्याशी एका पानाचा करार पुरे. त्यात कामाचा तपशील, नेण्याची आणि परत देण्याची तारीख, विम्यासाठीची किंमत, पाटीवर मालकाचं नाव कसं छापायचं, फोटो काढायला परवानगी आणि दोन्ही सह्या. नाव छापायला नको असेल तर ‘खासगी संग्रह’ एवढंच लिहा. नाव छापलं तरी गाव आणि पत्ता कधीच नको, चोराला यादी कशाला द्यायची? विमा ‘भिंतीपासून भिंतीपर्यंत’ घ्या, म्हणजे मालकाच्या भिंतीवरून काढल्यापासून परत तिथे टांगेपर्यंतचा. फक्त हॉलमधल्या दिवसांचा घेतलेला विमा टेम्पोत कामाला येत नाही, आणि बहुतेक नुकसान टेम्पोतच होतं.

‘आपल्याच माणसाचं चित्र, कागद कशाला’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांगा. इंग्रज लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यात बसून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. घरातून बाहेर पडलेलं चित्र परत येईलच असं नसतं. म्हणून नेण्याआधीचा चांगला फोटो आणि सहीचा कागद.

हक्कांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळतो असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो सहसा कलावंताकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं वारसांकडे. एक महत्त्वाचा अपवाद : पैसे देऊन खास करवून घेतलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र. वेगळा करार नसेल तर त्याचा हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून पुस्तिकेत आणि फलकावर चित्र छापायला कलावंताची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या, मालकाचा होकार पुरत नाही. निमंत्रणपत्रिकेसाठी चित्र कापून त्यावर अक्षरं चढवायची सवयही सोडा. कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा कलावंताचा हक्क चित्र विकल्यावरही राहतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प काढून मोडतोड झाली, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला होता.

अवस्थेचं पत्रक : एक चित्र जवळून

मालकाच्या घरातून निघण्याआधी प्रत्येक कामाचं पत्रक भरायचं. कसं, ते एका उदाहरणाने पाहू. हार्डबोर्डवरचं तैलचित्र, ३० × २४ इंच, सुमारे १९८७ चं, बैठकीच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेलं.

आधी पुढून, सरळ उजेडात एक फोटो. मग खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च चित्राच्या डाव्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात सपाट दिसलेलं चित्र आता डोंगराळ दिसेल. खाली डावीकडे रंगाचे पापुद्रे उचलले आहेत, मधोमध बोर्डाला हलका बाक आहे, वरच्या कडेला पाण्याचा ओघळ सुकला आहे. या उजेडातला दुसरा फोटो. मग चित्र उलटा. पाठीवर कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, हे आपल्याकडे फारच सामान्य. ते पुढच्या बाजूला धक्का न देता, चित्र उभं ठेवून, पाठीमागूनच मऊ ब्रशने अलगद पाडायचं. कोपऱ्यात मातीची बोगदेवजा नळी दिसली तर ती वाळवी. ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पांढरी-हिरवट बुरशी असेल तर पुसू नका, ती रंगात घासली जाते. कोरड्या, सावलीच्या, वाऱ्याच्या जागी, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झटका.

हे सगळं चित्राच्या छोट्या आकृतीवर खुणा करून लिहा आणि मालकाची सही घ्या. हॉलवर उतरवल्यावर हेच पुन्हा तपासा, परत देताना तिसऱ्यांदा. ‘तुमच्याकडे गेलं तेव्हा पापुद्रा निघाला नव्हता’ या वाक्याला उत्तर म्हणून हे एकच पान असतं.

पापुद्रे निघालेलं चित्र प्रवासाला न्यायचं नाही. त्याचा मोठा छापील फोटो लावा आणि तसं स्पष्ट लिहा. फेव्हिकॉलने चिकटवणं, ओल्या फडक्याने पुसणं, ‘जरा चमक यावी’ म्हणून वॉर्निशचा हात मारणं, तिन्ही वर्ज्य. वॉर्निशचा धडाही अजिंठ्यानेच दिला आहे. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी भित्तिचित्रं वाचवायला त्यांवर लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा-काळा पडला आणि काढायला अनेक दशकं लागली. तज्ज्ञांची ही गत, तर आपण घरी डबा उघडूच नये.

महिना, हवा आणि कूलर

आपल्याकडे नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा काळ सर्वांत सुरक्षित. फेब्रुवारीत बारावी-दहावीची गडबड सुरू होते, हॉल आणि शिक्षक दोन्ही अडकतात. जून ते सप्टेंबर दमट हवा आणि बुरशी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि मग हॉलमध्ये कोणीतरी कूलर आणून ठेवतं.

कूलर म्हणजे पाण्यातून वारा फेकणारं यंत्र. कागदावरच्या कामांसमोर तो दिवसभर चालवला तर कागद ओल शोषून लाटांसारखा फुगतो. रात्री बंद केला की कोरड्या हवेत पुन्हा आखडतो. चार दिवसांत जलरंग माउंटमधून (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून) बाहेर येऊन काचेला टेकतो. सतत कोरडी हवा त्यापेक्षा बरी. आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत ठेवा असं पुस्तकं सांगतात. ते जमलं नाही तरी एकदम वर-खाली होऊ देऊ नका. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते हॉलच्या मध्यावर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर कूलर बाहेरच्या ओसरीत, पाणी पिण्याच्या जागी ठेवा.

कागदावरचं प्रत्येक काम माउंट करूनच फ्रेममध्ये घ्या, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. कोळसा आणि पेस्टलला अ‍ॅक्रिलिक शीट नको, साधी काच. शीट पुसली की तिच्यावर स्थिर वीज येते आणि भुकटी वर खेचली जाते.

उजेड

उजेड लक्समध्ये मोजतात. तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिकसाठी १५० ते २०० लक्स, जलरंग, रेखाटन, छायाचित्र आणि कापडासाठी ५० लक्स. एखाद्या कलावंताने हिमरू किंवा पैठणीचं कापड कामात वापरलं असेल तर तेही पन्नासातच. लक्समीटर नसेल तर मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, तंतोतंत नाही. पन्नास लक्स नवख्याला अंधार वाटतो, कारण तो उन्हातून आलेला असतो. म्हणून कागदाची कामं दारासमोर लावायची नाहीत. आतल्या कोपऱ्यात लावली की तिथे पोचेपर्यंत डोळे सरावतात.

एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला, ३००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचा. हॅलोजन नको, तो चित्र तापवतो. नेहमीच्या पांढऱ्या ट्यूबखाली लाल रंग मातकट दिसतो आणि मग लोक चित्रकाराला दोष देतात.

दिवा भिंतीपासून किती लांब, याचं गणित आहे. दिव्याची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, गुणिले ०.५८. दिवा दहा फुटांवर म्हणजे १२० इंचांवर असेल आणि चित्राचा मध्य ५७ इंचांवर, तर ६३ गुणिले ०.५८, म्हणजे साधारण ३६ इंच. तीन फुटांवर दिवा. त्याहून जवळ आणला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते, लांब नेला तर काचेत पाहणाऱ्याचंच तोंड दिसतं. खिडकीतलं ऊन थेट चित्रावर येत असेल तर खिडकी जाड पुठ्ठ्याने बंदच करा, पडद्यावर भागवू नका. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर निदान वाटेतले आणि दारावरचे दिवे राहिले पाहिजेत.

टेम्पो

छोटा हत्ती पुरतो, पण तो बंद हवा, आणि त्याच फेरीत खताची पोती किंवा लोखंडी रॅक नकोत. चित्राला आधी ग्लासिन (पातळ, गुळगुळीत कागद) किंवा बटर पेपर, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत आले आणि गाडी उन्हात उभी राहिली तर अ‍ॅक्रिलिकचा थर मऊ होऊन त्यावर गोल-गोल ठसे उमटतात, ते निघत नाहीत. वर्तमानपत्र लावू नका, शाई लागते. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या.

चित्रं आडवी रचायची नाहीत. उभी, गाडीच्या लांबीला समांतर, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा, खाली गादी. पट्ट्यांनी बांधा, दोरी चित्रावर आवळू नका. काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारा, फुटली तरी तुकडे कागदावर पडत नाहीत. चौकट काढून कॅनव्हास गुंडाळून न्यायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर, आणि नळी निदान सहा-आठ इंच जाड. बारीक नळीवर, रंग आत घेऊन गुंडाळलेला कॅनव्हास उघडताना भेगा घेऊनच उघडतो. पहाटे पाचला निघा. चालकाशेजारी यादी घेतलेला एक जण बसवा.

टांगणी

रंगकाम निदान चार दिवस आधी संपवा. चुन्याची भिंत असेल तर हात लावून पाहा, पांढरं लागलं तर फ्रेमच्या पाठीलाही लागेल. जुन्या वाड्यातल्या ग्रंथालयांच्या मातीच्या भिंतीत खिळा सहज जातो आणि दोन दिवसांनी तितक्याच सहज बाहेर येतो. तिथे पॅनेल, किंवा वरच्या तुळईवरून तार. मासेमारीचा नायलॉन दोरा वजनाने ताणतो, तो टाळा.

चित्रं आधी भिंतीला टेकून जमिनीवर, फोमच्या पट्ट्यांवर उभी करा आणि एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी ताज्या डोळ्यांनी दोन-तीन अदलाबदली हमखास होतात. मग खिळे.

सगळ्या चित्रांचे मध्य एका रेषेत घ्यायचे, कडा नव्हे. मध्याची उंची ५७ इंच. शाळांची मुलं जास्त येणार असतील तर ५५. खिळा कुठे ठोकायचा? मध्याची उंची, अधिक चित्राची अर्धी उंची, वजा तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली येते तेवढे इंच. चित्र ३६ इंच उंच आणि तार ४ इंच खाली येत असेल तर ५७ + १८ − ४ = ७१. तार बोटाने ताणूनच मोजा, सैल तार मोजली तर एक-दोन इंचांनी फसता. दोन फुटांहून रुंद चित्राला दोन हुक, म्हणजे ते तिरकं होत नाही.

५७ इंचांची रेषा गवंड्याच्या लेव्हल नळीने चारही भिंतींवर घ्या. फरशीवरून मोजत गेलात तर जुन्या हॉलच्या उताराबरोबर चित्रंही उतरत जातात. खुणा पेन्सिलने. सुतार सवयीने गेरूची दोरी मारतात. पांढऱ्या भिंतीवर तो लाल पट्टा दोन हात रंगानेही जात नाही, त्यामुळे दोरी पिशवीतून बाहेर येण्याआधीच सांगा.

चित्र उचलताना अंगठ्या, घड्याळ, कडं काढा. दोन्ही बाजूंनी धरा, वरच्या पट्टीने किंवा तारेने कधीच नाही.

पाट्या

पाटी ५ × ३ इंच, तीन मिलिमीटरच्या सनबोर्डवर, मॅट कागद, अठरा पॉइंटच्या खाली अक्षर नको. चित्राच्या उजवीकडे, सगळ्या एकाच उंचीवर. शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, संग्रह. प्रत्येक गटाला साठ-सत्तर शब्दांचा एक फलक आणि दाराशी दीडशे शब्दांचा एक. याहून लांब कोणी उभ्याने वाचत नाही.

डीटीपीवाला मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतो, तुम्ही युनिकोडमध्ये पाठवता, आणि मधल्या रूपांतरात रफार व जोडाक्षरं फुटतात. पडद्यावर तपासून सोडू नका, कागदावर प्रत काढून दोघांनी मोठ्याने वाचा. विशेषतः नावं. ज्याने चित्र दिलं त्याचं आडनाव चुकलं तर पुढच्या वेळी त्या घरातून चित्र मिळत नाही.

उद्घाटन आणि रोजचे दिवस

दीपप्रज्वलन, हार, शाल-श्रीफळ होणारच. ते दाराबाहेर किंवा शेजारच्या खोलीत घ्या. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर बंद हॉलमध्ये थेट कॅनव्हासवर बसतो, रांगोळीची पूड पंख्याने उडते. चहा-सामोसेही बाहेर. भाषणांच्या खुर्च्या हॉलमध्ये लावल्या तर मागच्या रांगेतले लोक पाठ टेकतात ती चित्रांना.

वेळ सकाळी दहा ते रात्री साडेआठ ठेवा, गावातले लोक संध्याकाळी पाचनंतरच येतात. शाळांना आधी पत्र द्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीची मुलं असली तर कलाशिक्षक आनंदाने आणतात. एका वेळी पंचवीस-तीसच, आणि त्यांच्या हातात पेन नव्हे, पेन्सिल. अभिप्रायाची वहीही बाहेर पडण्याच्या दारापाशी. किमतीच्या चिठ्ठ्या लावू नका, बरीचशी कामं विकायची नसतातच. कोणी चौकशी केली तर नाव लिहून घ्या, बोलणं प्रदर्शन संपल्यावर.

रोज उघडताना आणि बंद करताना एक जण वही घेऊन क्रमांकानुसार सगळी कामं मोजतो आणि सही करतो. पाच मिनिटांचं काम आहे. लहान शिल्प किंवा पोस्टकार्डएवढं रेखाटन गायब झालं तर ते त्याच संध्याकाळी कळायला हवं. किल्ल्या दोनच, कोणाकडे आहेत ते लिहून.

उतरवताना

उद्घाटनाला वीस माणसं असतात, उतरवायला दोन. म्हणून त्या दिवसाची माणसं आधीच ठरवा, आणि शक्यतो टांगणारेच असू देत. ठेवलेला बबलरॅप आणि पुठ्ठ्याच्या टोप्या क्रमांकासकट त्याच चित्राला लागतात. पत्रक पुन्हा भरा, नवं काही दिसलं तर तिथेच फोटो काढून मालकाला त्याच दिवशी फोन करा. भोकं पुट्टीने भरून, घासून, रंगाचा हात मारून हॉल द्या.

चित्र घरी पोचवल्यावर ते पूर्वीच्याच खिळ्यावर टांगून द्या, खाली ठेवून निघू नका. मग वहीतल्या त्या क्रमांकासमोर तारीख, वेळ आणि मालकाची सही. शेवटची सही झाली की वहीचे फोटो काढून एक संच कलावंताच्या घरी आणि एक जवळच्या ग्रंथालयात ठेवा.